कानबाईला विचारून

१७ जानेवारी १९९१

चि. अभिमन यास अक्काचे आशीर्वाद.

संक्रांत झाली. तिळगूळ पाठवत नाही. पोस्टात त्याचा भुगा होतो, आणि तो खाऊन तू माझ्याशी गोड बोलशील अशी आशाही मला नाही. मुंबईला नेऊन माझं ऑपरेशन करून आणलंस तेव्हापासून तुझी पत्रं येतात, मी वाचते आणि पेटीत टाकते. आज उत्तर लिहायला बसले आहे ते एकच गोष्ट सांगायला. कानबाई परत माझ्या अंगात आली.

पौषातल्या रविवारी सकाळी आली. मी अंघोळ करून देवापुढे बसले होते, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि अंगाला दरदरून घाम सुटला. पुढचं मला आठवत नाही. पूर्वीही आठवत नसे. घरातले सांगतात की मी थरथरत होते, जीभ जड झाली होती आणि सासूबाईंना मी सरळ ‘यशोदे’ अशी हाक मारली. ज्यांना सगळं घर मान खाली घालून जिजी म्हणतं त्यांना. जिजी त्या हाकेसाठी ऑपरेशनपासून कान लावून बसल्या होत्या. त्या तिथेच माझ्या पायांवर पडल्या. मग पूर्वीसारखाच गूळखोबऱ्याचा प्रसाद माझ्या तोंडात घातला आणि देवी शांत झाली.

तू सायन्सचा मास्तर. हस खुशाल. पण त्या दिवशी तू जे बोललास ते या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. आखाजीच्या सणाला मी माहेरी आले होते, मला दम लागला, आणि तू इथे कुणाला न विचारता मला जळगावहून परस्पर मुंबईला घेऊन गेलास. यांना तार केलीस ती मी तिथे कॉटवर पडल्यावर. ते सगळं जिजींनी गिळलं असतं. पण परत आणून सोडलंस तेव्हा अंगणात बाज टाकून बसलास, चहा प्यालास आणि साऱ्या भाऊबंदांसमोर दोन्ही हात पसरून म्हणालास, ‘नारळाएवढी गाठ निघाली छातीतून.’

अरे शहाण्या, जगात दुसरी फळं नव्हती का? पपई म्हणायचं होतंस, कैरी म्हणायचं होतंस. ज्या घरात दर श्रावणात नारळाला चांदीचे डोळे आणि नथ लावून कानबाई बसवतात, ज्या घरच्या सुनेच्या अंगात ती येते, त्या घरी येऊन तू सांगितलंस की हिच्या आतून नारळ कापून काढला. जिजींनी तोंडावर हात मारून घेतला. ‘मन्ही कानबाई कापी टाकी यास्नी,’ एवढंच त्या म्हणाल्या. आणि नंतर खरंच देवी आली नाही. एकदाही नाही. मग तुझ्या पायांना आमचा उंबरा बंद झाला, यात नवल ते काय.

माझ्यावर काय बेतलं ते मी तुला कधी कळवलं नाही. मला मूल नाही. कुणाच्या डोहाळजेवणाला मला पुढे बोलावत नसत. देवी अंगात येऊ लागली तेव्हा त्याच बायका आपली तान्ही लेकरं माझ्या मांडीवर आणून ठेवू लागल्या, आणि तू ते थांबवलंस. आता परवाच्या शुक्रवारी एक लेकुरवाळी येऊन माझ्यापुढे पदर पसरून बसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

माझी तब्येत उत्तम आहे. लिलाला आणि पोरींना आशीर्वाद.

तुझी,
झुंबरअक्का


९ मार्च १९९१

चि. अभिमन,

तुझं पत्र मिळालं. पोरांचे पेपर तपासतोस तसं माझं पत्र तपासलेलं दिसतं. सकाळच्याच वेळी का, पोट रिकामं असतानाच का, घाम येतो का, गूळ तोंडात घातल्यावर किती वेळात शुद्ध येते. देवी कुठल्या वेळी यावी हे आता शाळेच्या घंटेवर ठरणार का?

ती गाठ रक्तातली साखर खाऊन टाकते, म्हणून माणूस बरळतं, असं डॉक्टर म्हणाले होते असं तू लिहितोस. असेल. मी त्या वेळी नळ्या लावून पडले होते, तू बाहेर उभा राहून काय काय ऐकलंस मला माहीत नाही. ती धाग्याधाग्यांची गाठ आहे, लाखात एखाद्याला होते, काढली तरी पुन्हा उगवू शकते, म्हणून दर वर्षी छातीचा फोटो काढा, हे त्यांनी सांगितलं होतं हेही खरं. पण फोटो काढायला धुळ्याला जायचं तर घरात काय सांगू? देवी खरी की खोटी ते बघून येते, असं सांगू?

नखांचं विचारलंस. नखं बरी आहेत. त्या वेळी जशी पोपटाच्या चोचीसारखी वाकली होती तशी नाहीत. थोडी फुगीर आहेत, ती राखेने भांडी घासून. पायांतली जोडवी निघेनाशी झाली आहेत खरी, पण ऊन वाढलं की माझे पाय सुजतातच. तू लगेच जळगावात हिशेब मांडत बसू नकोस.

एक गोष्ट मात्र तू लिहायला नको होतीस. ‘अक्का, देवी येईल तेव्हा तोंडात साखर धरून बघ. खरी देवी असेल तर साखरेने जायची नाही.’ असं लिहायला तुझा हात धजला कसा? तू माझ्या अंगाखांद्यावर वाढलास, तुला ताप आला की मी याच कानबाईला हात जोडत होते. आता मी तिची परीक्षा घ्यायची. मी ते पत्र पेटीत टाकलं नाही, चुलीत टाकलं.

पुन्हा असं लिहिलंस तर उत्तर येणार नाही.

अक्का


१७ मे १९९१

चि. अभिमन,

काल आखाजी होती. सगळ्या लेकी माहेरी गेल्या, आणि गावातल्या लेकी गावात आल्या. लिंबांना झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. मी ओट्यावर बसून ऐकलं. तू न्यायला येतो असं कळवलं होतंस. मी जिजींना विचारलंही. त्या म्हणाल्या, ‘मागला खेपले तो आखाजीलेच लई गया ना?’ मागच्या वेळी तू मला आखाजीलाच नेलंस, त्यापुढे काय बोलणार. यांनीही मान खाली घातली. तुझे दाजी वाईट नाहीत, पण आईपुढे त्यांची जीभ टाळूला चिकटते.

मला तुमची सगळ्यांची फार आठवण आली. रडलेही. जाऊबाईंनी विचारलं तर डोळ्यांत धूर गेला म्हटलं.

आता देवी आठवड्यातून दोनदा-तीनदा येते. मंगळवारी आणि शुक्रवारी लोक बाहेरगावाहूनही येतात. जिजींनी मला दोन्ही वारांचे उपास धरायला लावले आहेत, उपाशी अंगात ती लवकर येते म्हणतात. तुला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. मलाही अलीकडे तसंच काहीसं वाटतं, पण मी ते मनात फार वेळ ठेवत नाही.

एक गोष्ट मला खाते आहे. परवा एक म्हातारी माझ्यासाठी वांग्यांची पाटी घेऊन आली आणि म्हणाली की देवीने सांगितलं तसं केलं, मुलाला दवाखान्यात न नेता घरीच ठेवलं, आता बरा आहे. मी काय सांगितलं होतं? मला काही म्हणजे काही आठवत नाही. तो बरा झाला म्हणून निभावलं. कुणाचा तरी जीव माझ्या तोंडून निघालेल्या शब्दावर टांगलेला असतो आणि तेव्हा मी तिथे नसतेच.

तू विचारशील म्हणून सांगते. डाव्या कुशीवर झोपता येत नाही. उशाला गोधड्या घालून बसून झोपते. पाण्याचा हंडा आता जाऊबाई आणतात, मला विहिरीचा चढ चढवत नाही. उन्हाळा आहे म्हणून असेल.

लिलाला म्हणावं कुरडया केल्या असतील तर चार ठेव माझ्या नावाच्या.

अक्का


७ जुलै १९९१

चि. अभिमन,

हे पत्र मी धुळ्याच्या देवपुरात नणंदेच्या घरी बसून लिहिते आहे. इथून पोस्टात टाकीन. घरी उत्तर पाठवलंस तर त्यात तब्येतीचं काही लिहू नकोस, आधी पुढचं वाच.

मागच्या मंगळवारी देवी आली ती जाईचना. उपास होता, आदल्या रात्रीही मी नीट जेवले नव्हते. एरवी थरथर होते, बोलणं होतं, प्रसाद होतो. या वेळी म्हणे मी बोललेच नाही, डोळे पांढरे केले आणि चौरंगावरून खाली कलंडले. जिजी म्हणाल्या, समाधी लागली, कुणी हात लावू नका. आणि त्यांनी आरत्या म्हणायला सुरुवात केली. बायका जमल्या. कुणी हार घातला, कुणी कुंकू लावलं. ऊन अंगणात आलं तरी मी तशीच पडलेली आणि टाळ वाजताहेत.

जाऊबाईंना, पार्वताबाईंना, राहवलं नाही. त्यांनी पायांना हात लावल्यासारखं करून गुळाचं पाणी माझ्या गालात सोडलं. थोडं थोडं करून किती तरी वेळ सोडत राहिल्या. मला जाग आली तेव्हा गळ्यात हार, कपाळभर कुंकू, चारी बाजूंनी हात जोडून बसलेली माणसं आणि उदबत्तीचा धूर. अभिमन, मला वाटलं मी मेले. सवाष्णीचं प्रेत सजवतात तशी मला सजवली होती. आणि कुणाच्या तोंडावर दुःख नव्हतं. सगळे खुशीत होते. मी तिथेच ठरवलं की फोटो काढायचा.

कानबाईला घालायचं नवं वस्त्र आणि बांगड्या आणायच्या असं सांगून आम्ही दोघी जावा धुळ्याला आलो. फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला तेव्हा मला सांगायची गरज नव्हती. उजवीकडे बरगड्या दिसत होत्या, डावीकडे खाली नुसतं पांढरं होतं. त्यांनी जुन्या ऑपरेशनचा व्रण बघितला, नखं बघितली आणि विचारलं, ‘बाई, इतके दिवस काय करत होतात?’ मी काय सांगणार. देवी होते, असं सांगणार?

गाठ परत आली आहे. आहे त्याच जागी, पूर्वीइतकी किंवा त्याहून मोठी. मुंबईच्याच डॉक्टरांकडे जा म्हणाले, आणि सकाळी उठल्याबरोबर काहीतरी गोड खायचं, उपास एकही नाही.

मी दुसऱ्या दिवशी तू सांगितलेली परीक्षा करून बघितली. नणंदेकडे पहाटे उठले, घाम सुटायला लागला, डोळ्यांपुढचं हलायला लागलं. देवी अशीच सुरू होते, तेवढं मला माहीत आहे. मी साखरेचा डबा उघडून मूठभर साखर तोंडात टाकली आणि भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने घाम सुकला. बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली ती मला नीट ऐकू आली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी साखरेच्या डब्यापुढे बसून रडले. इतकी वर्षं मी जिच्या जोरावर मान वर करून चालले ती कुणी नव्हतीच. ती निघाली एक गाठ. तू म्हणशील, अक्का, कानबाई आहेच, फक्त ती तुझ्या अंगात येत नव्हती. तेही बरोबर असेल. पण मला त्याने काही बरं वाटत नाही.

डॉक्टरांना लिही. आणि मला खरं ते कळव. नणंदेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
अक्का


१० ऑगस्ट १९९१

चि. अभिमन,

तुझं पत्र नणंदेने माणसाबरोबर पाठवलं. डॉक्टर काढू म्हणतात, उशीर करू नका म्हणतात आणि तिसऱ्यांदा येणार नाही असं लिहून देणार नाहीत. ठीक आहे. निदान खरं बोलतात. मी यांना सगळं सांगितलं. फोटो दाखवला. हे तो हातात धरूनच म्हणाले, ‘जाऊ या.’ इतका सरळ शब्द त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला असेन.

पण मग जिजींना सांगावं लागलं. मला वाटलं होतं त्या आरडाओरडा करतील. त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, मागच्या वेळी न विचारता नेलं आणि देवीला कापून टाकलं. या वेळी विचारल्याशिवाय ही बाई गावाची शीव ओलांडणार नाही. कानबाई श्रावणात घरी येतेच आहे. सोमवारी सकाळी, विसर्जनाला नदीवर नेण्याआधी, सगळे भाऊबंद असतात, त्यांच्यासमोर तिलाच विचारू. ती जा म्हणाली तर मी स्वतः हिचं गाठोडं बांधून देईन. यांनी कबूल केलं. चुलत दीर सुकदेवनानाही कबूल झाले. सगळ्यांना ते अगदी रास्त वाटलं.

कुणाला विचारणार ते तुझ्या लक्षात आलं का? मलाच. मी शुद्धीत नसताना मला विचारणार की मला जगायला पाठवायचं का.

तेव्हा मी काय बोलेन कुणी सांगावं. कधी मी ‘घर, घर’ म्हणते म्हणे, कधी पाणी मागते, कधी काहीच बोलत नाही. ‘घर’ म्हटलं तर संपलंच. भाऊबंदांसमोरचा शब्द आहे, तुझे दाजी तो मोडू शकणार नाहीत. आणि तू पोलीस घेऊन आलास तरी मी तुझ्याबरोबर उठून येऊ शकणार नाही. परत मला इथेच यायचं आहे.

मी दोन दिवस विचार केला. सकाळी गूळ खाल्ला तर देवी यायची नाही. ती आली नाही तर मला शुद्ध राहील. शुद्धीत राहिले तर मला हवं ते बोलता येईल. म्हणजे सोंग करावं लागेल. बघ, तू मला देवीची परीक्षा घे म्हणालास तर मी तुझं पत्र जाळलं, आणि आता मी भर श्रावणात तिच्यापुढे बसून तिचं सोंग घेणार आहे.

आणि त्यात अडचण अशी की देवी आल्यावर मी कशी दिसते ते मी कधी बघितलेलंच नाही. शेवटी जाऊबाईंना विश्वासात घेतलं. गोठ्यात कडबा काढायच्या निमित्ताने गेलो आणि मी म्हटलं, मला करून दाखवा. त्या आधी लाजल्या. मग त्यांनी पदर सोडला, मान डाव्या खांद्याकडे टाकली, हनुवटी थरथरवली आणि घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं, ‘यशोदे, पाणी लय.’ गाय दचकून उठली. मला हसू आवरेना, त्यांनाही आवरेना. आम्ही दोघी कडब्यावर बसून हसलो. मग मला भीती वाटली, की हीच आहे मी. गावातली माणसं हिच्याच पाया पडतात.

कानबाई येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी बसते. तू तोवर येऊ नकोस. माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणणार होते, पण कुणाची करशील.

अक्का


२० ऑगस्ट १९९१

चि. अभिमन,

झालं. तुला सगळं नीट सांगते.

काल सोमवार. पहाटे जाऊबाई गोठ्याच्या दारात राखण बसल्या आणि मी गुळाचे खडे चावून खाल्ले. कानबाईचा उपास होता. मी जन्मात कधी उपास मोडला नव्हता. काल मोडला. मग अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून चौरंगावर बसले. समोर कानबाई, फुलांत, चांदीचे डोळे लावलेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. घर भाऊबंदांनी भरलं होतं. डफ वाजायला लागला, धूप झाला, जिजींनी गाणं धरलं.

मी वाट बघितली. घाम आला नाही. मनात आलं, गूळ खाऊनही ती आली तर? म्हणजे तू खोटा, डॉक्टर खोटे, आणि ती खरी. खरं सांगते अभिमन, एक घटकाभर मी तशीच आस लावून बसले. ती आली नाही. मला माझ्या मांडीवरची माशी दिसत होती.

मग मी मान टाकली. हनुवटी हलवली. ‘यशोदे,’ म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की डफात बुडाला. पुन्हा म्हटलं. डफ थांबला. जिजी पदर सावरत पुढे आल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून विचारलं, ‘माय, तुन्ही ही लेक आजारी शे. हिले मुंबईले धाडू का?’

‘धाड,’ मी म्हटलं.

सुकदेवनानांना शंका आली असावी. ते खाकरून म्हणाले, ‘कोणासंगे धाडू, माय?’

हे आम्ही गोठ्यात ठरवलेलं नव्हतं. पण माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘तिना भाऊसंगे.’ जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली बघितलं. जिजींनी मान डोलावली. देवीचा शब्द म्हणजे शब्द. तुझ्यावरचा इतका राग एका शब्दात गेला, मी बघितलं.

मला वाटलं सुटले. मी डोळे मिटून अंग सैल सोडणार, तेवढ्यात जिजींनी माझे दोन्ही पाय घट्ट धरले. हात म्हातारे आहेत, पण सोडवता येईनात. त्या म्हणाल्या, ‘माय, त्या डाक्टर कापतीन. कापू दे. पण तू परत येशी ना?’

अभिमन, हो म्हणणं सोपं होतं. म्हातारी खूश झाली असती. गावाने मला वाजतगाजत स्टेशनवर पोचवलं असतं, आणि परत आल्यावर माझा चौरंग माझी वाट बघत असता. पण मी हो म्हटलं असतं तर ही बाई रोज सकाळी माझ्या कपाळावर घाम येतो का ते बघत बसली असती. घाम आला की गुळाऐवजी हार आणला असता. गाठ परत येईल तेव्हा या घरात सण झाला असता. आणि ती परत येणार नाही असं तर मोठे मोठे डॉक्टरही सांगायला तयार नाहीत.

‘नही,’ मी म्हटलं. ‘आते नही.’

जिजींना पहिल्यांदा ऐकूच आलं नसावं. त्या तशाच माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाय सोडले आणि जमिनीवर बसून मोठ्याने रडायला लागल्या. कुणी मेल्यावर रडतात तशा. त्यांचं बघून बाकीच्या बायका रडायला लागल्या. सारं घर रडत होतं, आणि मी मधोमध चौरंगावर बसले होते, छातीत गाठ घेऊन, आणि त्यातलं एकही माणूस माझ्यासाठी रडत नव्हतं. मला तेव्हा इतका राग आला की खरोखरच अंग थरथरलं. हे पुढे आले, प्रसाद त्यांनी स्वतः माझ्या तोंडात घातला आणि पंच्याने माझं तोंड पुसलं. माझ्या दातांत पहाटेचा गूळ होता, तो त्यांना दिसला असेल. त्यांनी हात क्षणभर माझ्या गालावर तसाच ठेवला.

मी डोळे उघडल्यासारखं केलं. जिजी पदराने नाक पुसत उठल्या. इतकी वर्षं देवी गेल्यावर त्या मला धरून उठवायच्या, अंगावर शाल घालायच्या, वारा घालायच्या. काल त्या समोर उभ्या राहिल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘ऊठ आते. बठ्ठास्ना चहा ठेव.’

मी उठले. चौरंग भिंतीला लावून ठेवला आणि चहा ठेवला. सगळ्यांनी चहा प्याला, कानबाई उचलली आणि वाजतगाजत नदीवर गेले. जिजी सगळ्यात पुढे होत्या. जाऊबाई माझ्याजवळ थांबायला बघत होत्या, मीच त्यांना जा म्हटलं. घरात मी एकटी राहिले. कपबशा विसळल्या. विसळता विसळता दम लागला म्हणून खाली बसले आणि मग पोटभर रडले.

गुरुवारच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला उतर, हे बैलगाडी घेऊन येतील. पुढच्या दाराने ये, तुला आता कुणी अडवणार नाही. जिजींच्या पाया पड, त्या बोलल्या नाहीत तरी पड. गाठोडं मी बांधून ठेवलं आहे. मला फार भीती वाटते आहे, अभिमन.

तुझी,
झुंबर